ठोका थांबतो तिथे

खाडीच्या काठी वसलेल्या एका गावात एक मुलगी सात वर्षांनी परत आली. तिचं नाव कुंदा. दूर राहून लहानपणीचे आवाज पुसट झाले होते, आणि तिला वाटू लागलं होतं, उधाणाच्या दिवशी आपल्या गावचा बांध एखाद्या फौजेसारखा दिसत असेल. बेचाळीस घरांची बेचाळीस माणसं आपापल्या जागी ताठ उभी असतील, डोळे पाण्यावर आणि तोंडं बंद. परदेशात ती मैत्रिणींना असंच सांगत आली होती. प्रत्यक्षात ती बांधावर पोचली तेव्हा तिच्या कानांवर आल्या त्या गप्पा.

"तुजं कवरं गो?"

"तीन बोटां. तुजं?"

"माजं पन तीनच. काल कोलंबी केली होतीस ना? हितपरत वास येत होता."

आणि गप्पांच्या मागे एकसारखं टक्, टक्, टक्. प्रत्येकाच्या पुढ्यात एक लाकूड टांगलेलं, प्रत्येकाच्या हातात एक दांडकी. काही घडलेलं नसताना सगळे ते लाकूड वाजवत बसले होते.

कुंदाचा चेहरा उतरला. ही गोष्ट गावात फोन पोचण्याच्या आधीची आहे, त्यामुळे ती कुणाला कळवूही शकली नाही की आपली फौज म्हणजे एक गप्पांचा फड निघाला.

त्या गावाची शेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खाली होती. बाहेर खारं पाणी, आत भात, आणि मधे मातीचा एक बांध. अमावास्येला आणि पौर्णिमेला भर दुपारी उधाण यायचं आणि पाणी बांधाच्या छातीपर्यंत चढायचं. बांध फुटून खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं तिथे भात उगवत नसे. म्हणून बांधाचे बेचाळीस तुकडे केले होते आणि प्रत्येक घराकडे एक तुकडा राखायला दिला होता. बांध खाडीसोबत वळत गेलेला, मधे तिवरांची दाट झाडी. त्यामुळे कुणालाही आपल्या डावीउजवीकडच्या शेजाऱ्यापलीकडे काही दिसत नसे.

उधाण आलं की बांधाला घाम फुटायचा. आतल्या अंगाला पाणी झिरपायचं आणि प्रत्येकाच्या तुकड्याखाली खणलेल्या लहानशा चरात साचायचं. ते किती साचलं, हे बोटांनी मोजायचं. मग शेजाऱ्याला विचारायचं, तुझं किती? दोन्ही शेजाऱ्यांइतकंच असेल तर ठोका चालू ठेवायचा. आपलं पाणी त्यांच्याहून वेगळं झालं, की ठोका थांबवायचा. एवढाच नियम.

बांधाच्या एका वळणावर, पाणी आतबाहेर सोडायच्या उघाडीपाशी, एक माणूस नुसता ऐकत बसायचा. गाव त्याला कानकरी म्हणायचं. त्याच्यापाशी चिखल, पेंढा आणि दगड घेऊन दहा धट्टीकट्टी माणसं तयार असायची. बेचाळीस ठोक्यांत जिथे खळ पडे, तिकडे तो बोट दाखवायचा आणि दहाही जणं तिकडे धावायची. प्रत्येक घराचं लाकूड निराळं होतं, कुणाचं फणसाचं, कुणाचं आंब्याचं, कुणाचं सागाचं. प्रत्येकाचा आवाज निराळा, त्यामुळे कोण गप्प झालं हे कानकऱ्याला न बघता कळायचं.

तीस वर्षं हे काम कुंदाच्या वडिलांनी, जोमा पाटलांनी केलं होतं. आता त्यांचे कान गेले होते आणि त्यांच्या जागी कुणीतरी आळीपाळीने बसायचं. शेजारी बसून ओरडलं तरी ते हसून मान हलवायचे. त्यांच्या घराचा तुकडा तेविसावा. तो कुंदाची आई राखायची, जांभळाचं लाकूड वाजवून. तीन वर्षांपूर्वी आई गेली, कुंदा दूर होती. तेव्हापासून डावीकडचा बाळाराम आणि उजवीकडचा पदाजी, दोघं तेविसावा अर्धा-अर्धा बघत. हे दोघे सख्खे भाऊ. कुंपणावरच्या शेवग्याच्या झाडावरून त्यांचं भांडण झालं होतं आणि अकरा वर्षं अबोला होता. मधली कुंदाची आई गेल्यापासून फक्त उधाणाच्या दिवशी बाळारामला ओरडावं लागे, "कवरं?" आणि पदाजीला उत्तर द्यावं लागे, "चार." वर्षाकाठी त्यांचं बोलणं काय ते एवढंच.

कुंदा परदेशी गेली होती ती डोळ्याचा अभ्यास करायला. माणसाला दिसतं कसं, हा तिचा विषय. परत येताना तिने बोटीच्या कठड्याला धरून स्वतःला बजावलं होतं, की जे शिकले ते आता गावाचं. गावालाही तिचा अभिमान इतका, की ती होडीतून उतरली त्या दिवशी बायकांनी तिला चिखलात पाय ठेवू दिला नाही, धक्क्यापासून घरापर्यंत पेंढा अंथरला. आणि आठ दिवसांत सगळ्यांनी एकमताने ठरवलं. आता कानकरी कुंदाच. जी डोळ्यांचं शास्त्र शिकून आली, तिच्याहून चांगला पहारा कोण ठेवणार?

भाद्रपदाची अमावास्या पंधरा दिवसांवर आली होती. वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण. भाताचं कणीस नुकतं पोटरीतून बाहेर आलं होतं. बेचाळीस घरांचं वर्षभराचं अन्न त्या बांधाआड उभं होतं, आणि ते राखायचं आता कुंदाच्या हाती होतं.

कुंदाने गावाला उघाडीपाशी बोलावलं. शहरातून आणलेली पिशवी तिने उपडी केली. बेचाळीस चकचकीत शिट्ट्या जमिनीवर पडल्या.

"आजपासून काही नसताना ठोकत बसायचं नाही," ती म्हणाली. "ज्याच्या चरात पाच बोटं पाणी होईल, त्याने शिट्टी वाजवायची. पाचाच्या आत शांत राहायचं. आणि बांधावर गप्पा बंद. प्रत्येकाने फक्त आपला तुकडा बघायचा."

"बेस झालं!" बाळाराम सगळ्यांत आधी ओरडला. "त्या मानसाला कवरं-कवरं इचारायची कटकट गेली."

"माजी पन," पदाजी दुसऱ्या टोकाकडे बघत म्हणाला.

लोक हसले. पहिल्या तुकड्याची नागूबाय मात्र हसली नाही. तिचं वय सत्तरच्या घरात, आणि बांधावर तिच्याइतकी उधाणं कुणीच पाहिली नव्हती. ती जोमा पाटलांची मानलेली बहीण, म्हणून कुंदाची आत्या.

"आनि शेजाऱ्याला इचारायचं नाय?"

"नाही आत्या. ज्याला जे दिसतं, ते त्याने सरळ मला सांगायचं. मधे शेजारी कशाला?"

"अगो, माजी पाच बोटां म्हंजी जास्ती का कमी, ता मना कोन सांगंल?"

"मी सांगेन ना. मी आहे की."

"तू लांब बसलीस, बाय," नागूबाय म्हणाली. "शेजारी जवल असतो."

कुंदाला ते थोडं लागलं. ती मऊ आवाजात म्हणाली, "आत्या, मी सात वर्षं नजरेचाच अभ्यास केलाय."

नागूबायने शिट्टी पदराच्या टोकाला बांधली आणि उठली. जोमा पाटलांनी एक शिट्टी उचलली, मग दुसरी, मग तिसरी. दोन्ही हातांत धरून त्या बराच वेळ न्याहाळल्या.

"सगल्या सारख्याच?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा!" कुंदा त्यांच्या कानापाशी ओरडली. "सगळ्या एकदम सारख्या!"

त्यांनी शिट्ट्या खाली ठेवल्या. आपल्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेले.

एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. प्रत्येकाने फक्त आपला तुकडा बघायचा, असं ठरलं तेव्हा तेविसावा तुकडा कुणाचाच उरला नाही. कुंदाला वाटलं, तो बाळाराम आणि पदाजी नेहमीसारखा बघतील. बाळारामला वाटलं, नव्या नियमात तो पदाजीकडे गेला असेल. पदाजीला वाटलं, तो बाळारामकडे. विचारायचं कुणाला? बोलणं तर बंद झालं होतं.

अमावास्येचा दिवस उजाडला. सकाळपासून वारा समुद्राकडून होता. दुपार व्हायला आली तशी खाडी फुगत फुगत बांधाला भिडली. कुंदा उघाडीवर वही घेऊन बसली. वहीत तिने बांधाचा नकाशा काढला होता, बेचाळीस चौकोन. जो वाजेल त्यावर फुली मारायची. शेजारी जोमा पाटील मांडी घालून बसले होते. मागे दहा जणं कमरा कसून उभी. बांधावर शांतता होती. इतकी शांतता गावाने उधाणाच्या दिवशी कधी ऐकली नव्हती. कुंदाला ती आवडली.

मग एक शिट्टी वाजली. "सोळावा!" कुंदा दिशेवरून अंदाज बांधून ओरडली आणि दहाही जणं सोळाव्याकडे धावली. तोवर तिसावा वाजला. मग सातवा, आठवा, नववा. मग पस्तिसावा. धावणारी माणसं अर्ध्या वाटेवरून उलटी फिरली. एवढ्या मोठ्या उधाणात सगळाच बांध घामेजला होता, सगळ्यांच्याच चरात पाच बोटं भरली होती. आणि सगळी माणसं प्रामाणिक होती, शिकलेल्या पोरीचा शब्द मानणारी. त्यांनी गाल फुगवून फुगवून शिट्ट्या वाजवल्या. एका डोंबाऱ्याच्या खेळालाही एवढा गोंगाट होत नसेल. वहीतल्या जवळपास सगळ्या चौकोनांवर फुल्या पडल्या. सगळीकडे फुल्या म्हणजे एकही फुली नसल्यासारखंच. कुंदाच्या ते लक्षात आलं. कुठेतरी बांध खचत असणार. पण कुठे?

जोमा पाटलांनी तिच्या दंडाला हात लावला. "कुठं थांबलाय?"

"बाबा, थांबलं काहीच नाही!" ती रडकुंडीला येऊन ओरडली. "सगळेच वाजतायत! सगळेच!"

म्हाताऱ्याने तिच्या ओठांवरून शब्द वाचले. क्षणभर तिच्याकडे बघितलं. "मंग तुलापन काय ऐकू येत नाय," ते म्हणाले. "माज्यासारखीच झालीस की गो."

त्यांनी आपल्या मांडीखालून एक जुनी दांडकी काढली आणि तिच्यापुढे धरली. उघाडीच्या खांबाला कानकऱ्याचं स्वतःचं लाकूड टांगलेलं होतं. ते वाजलं की सगळ्या बांधाला कळायचं, मी ऐकतोय, सुरू करा.

कुंदाने वही बघितली. दांडकी बघितली. ती हातात घेणं म्हणजे अख्ख्या गावासमोर सांगणं होतं, की मी चुकले. मागे दहा जणं उभी होती, धापा टाकत, तिच्या तोंडाकडे बघत. आणि त्यांच्याही मागे वाऱ्यावर हलणारं भात होतं.

तिने वही पाण्यात टाकली आणि दांडकी उचलली. टक्. टक्. टक्.

आधी काहीच झालं नाही. मग लांबवर, अगदी पहिल्या टोकाकडून, उत्तर आलं. नागूबायचं आंब्याचं लाकूड. लाकडं अजून खुंट्यांनाच लटकत होती, ती काढून टाकायला कुणाचा हात धजला नव्हता. नागूबायच्या पाठोपाठ दुसरं वाजलं, तिसरं वाजलं. शिट्ट्या एकेक करून विझल्या आणि ठोका बांधावरून चालत आला, जसा माणूस चालत यावा. त्याच्यासोबत ती हाकही आली. "तुजं कवरं?" "सात!" "माजंपन सात! वाजव!"

कुंदाने डोळे मिटले. या आवाजात ती पाळण्यात झोपली होती. कुणाचं लाकूड कसं वाजतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी कळत होतं. एकोणीस, साग. वीस, चिंच. एकवीस, भेंडी. पंचवीस, फणस. आणि मधे? एकवीस आणि पंचविसाच्या मधे तीन ठोक्यांची पोकळी होती. बाळाराम नाही, पदाजी नाही. आणि त्या दोघांच्या मधे ज्या जांभळाच्या लाकडाचा आवाज यायला हवा होता, ते वाजवणारी तर तीन वर्षांपूर्वीच गेली होती.

"तेविसावा!" कुंदा किंचाळली. "आमचाच! धावा!"

आणि दहा जणांच्या पुढे ती स्वतः धावली.

तिकडे झालं होतं ते असं. ठोका आपल्यापर्यंत आला तसं बाळारामने सवयीने ओरडून विचारलं, "कवरं?" पदाजीने सांगितलं, "सात." बाळारामचंही सात होतं. दोघांनी दांडक्या उचलल्या, आणि दोघांचेही हात थांबले. मधल्या तुकड्याचं कुणीच काही बोललं नव्हतं. "आनि मधलं?" बाळाराम म्हणाला. "मधलं तू बघतोस ना?" पदाजी म्हणाला. दोघं दोन्हीकडून पळत तेविसाव्यावर आले. चरात हात घातला तर कोपर बुडालं. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बांधाचा एक लचका आत घसरला.

कुंदा पोचली तेव्हा त्या भगदाडात दोघे भाऊ पाठी लावून, एकमेकांच्या हातांत हात गुंतवून बसले होते. पाणी त्यांच्या खांद्यावरून उडत होतं.

"सरक ना जरा!"

"तूच सरक! शेंगा खाऊन खाऊन पाठ कवरी झालीय तुजी, बघ!"

"मंग बरंच झालं! बारकी पाठ काय कामाची आज?"

दहा जणांनी पेंढा दाबला, त्यावर चिखल थापला, त्यावर दगड रचले. कुंदाही चिखलात कमरेपर्यंत उभी होती. घटका गेली, दुसरी गेली. मग खाडीने श्वास सोडल्यासारखं केलं आणि पाणी बोटाबोटाने उतरू लागलं.

बांध वाचला. बेचाळिसांपैकी एक्केचाळीस घरांचं भात वाचलं. तेविसाव्याखालचं शेत मात्र गेलं. ते जोमा पाटलांचं होतं. आता तीन वर्षं तिथे काही उगवणार नव्हतं.

संध्याकाळी सगळं गाव बांधावर बसलं. अंगावर चिखल वाळत होता. कुणीतरी काळा चहा आणला, कुणीतरी भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. कुंदाला कुणी बोल लावला नाही. पण तिलाच राहवेना.

"मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. "मी सात वर्षं काय शिकले ते. गावात आल्यापासून मी ते सांगितलंच नाही, नुसत्या शिट्ट्या वाटल्या."

ती आधी थांबत थांबत बोलली, मग भरभर. "आपल्या डोळ्याच्या मागच्या बाजूला एक पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. त्यात कोट्यवधी पेशी उजेड टिपत बसलेल्या असतात, खांद्याला खांदा लावून. मला आधी वाटायचं, उजेड दिसला की त्या ओरडत असतील. तसं नाही. अंधारात त्या सारखा निरोप सोडत असतात, थेंब थेंब, न थांबता. उजेड पडला की त्यांचा निरोप ओसरतो."

"ठोका थांबतो," नागूबाय म्हणाली.

"ठोका थांबतो," कुंदा म्हणाली, आणि नागूबायकडे वळली. "आणि त्या एकट्या-एकट्या नसतात. त्यांच्यामधून आडव्या पेशी पसरलेल्या असतात. त्या शेजारच्यांचं ऐकतात आणि प्रत्येकीला सांगतात, तुझ्या आजूबाजूला किती उजेड आहे. सगळ्यांना सारखंच दिसत असेल, तर त्या एकमेकींचा आवाज बसवतात. जिथे एकीचं शेजारणीहून वेगळं, तिथलाच निरोप उठून पुढे जातो. कारण मेंदूकडे जाणारी वाट अरुंद आहे. पेशी कोट्यवधी, आणि वाटेत तंतू फक्त दहा-बारा लाख. सगळ्यांनी सगळं सांगितलं तर मेंदूला काहीच कळणार नाही. म्हणून तर भर उन्हातही माणूस ओळखू येतो आणि तिन्हीसांजेलाही. उजेड किती आहे याला महत्त्व नाही. शेजारच्याहून किती वेगळा आहे, याला आहे."

बाळाराम तोंड उघडं ठेवून ऐकत होता. "म्हंजी माज्या डोल्याच्या आत नागूबाय बसलीय?"

"तुज्या डोल्यान मी कशाला बसू?" नागूबाय म्हणाली. "तितं तुजा भाऊस बसलेला असंल, कवरं कवरं करत."

सगळे खदाखदा हसले. पदाजीही हसला, आणि हसताना त्याने बाळारामच्या पाठीवर थाप मारली. चिखलाचा मोठा पोपडा उडाला.

"पन एक सांग," नागूबायने विचारलं. "डोल्यानं आमच्याकडून घेतलं, का आमी डोल्याकडून?"

"ते मला माहीत नाही, आत्या," कुंदा म्हणाली. "मला एवढंच कळलं, की मी सात वर्षं सूक्ष्मदर्शकातून जे बघत होते, ते माझ्या आईने पंचवीस वर्षं लाकडावर वाजवलं. ते कसं काम करतं हे मला पुस्तकात पाठ होतं. माझ्या गावात मला ते ओळखता आलं नाही."

एकेकाची पाठ ताठ होत गेली. नागूबायने आपल्या डोळ्यांच्या कडा बोटांनी हळूच चाचपल्या, जणू आत ठोका लागतो का ते बघत होती. बेचाळीस घरांना पहिल्यांदाच कळलं होतं, की आपल्या आजोबा-पणजोबांनी चिखलात बसून, एक अक्षर न शिकता, एक डोळा बांधला आहे. दीड मैल लांबीचा. आणि आपण त्या डोळ्यातले आहोत.

उठताना लोकांनी कुंदाला सांगितलं, "कानकरी तूच हं, बाय. आता तुला कळलंय." कुंदा कानकऱ्याची दांडकी घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशीही उधाण होतं. सकाळी कुंदा नागूबायच्या अंगणात गेली आणि दांडकी तिच्या हातात ठेवली.

"आत्या, उघाडीवर तुम्ही बसा. पहिलं लाकूड तुमची सून वाजवील. सगळ्या बांधाचा आवाज तुमच्याइतका कुणाला ठाऊक नाही."

"आनि तू गो? तू कुठं जाशील? परत बोटीवर?"

"मी तेविसाव्यावर," कुंदा म्हणाली.

घरी येऊन तिने माळ्यावरून आईची दांडकी काढली, धूळ पदराने पुसली आणि बांधावर गेली. नव्या मातीवर मांडी घालून बसली. जांभळाचं लाकूड खुंटीला होतंच. तिने चरात हात घातला. मग डावीकडे वळून ती ओरडली, "बाळारामदादा, तुझं कवरं?"

"चार! तुजं?"

"चार!" ती उजवीकडे वळली. "पदाजीदादा?"

"चार, चार! वाजव आता!"

तिने दांडकी उचलली. जोमा पाटील काठी टेकत मागून आले होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी वाकून लाकडावर तळहात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"वाजतंय," ते म्हणाले.

तात्पर्य: नजर एकट्याची नसते. जे आधी शेजाऱ्याशी ताडून बघतात, त्यांनाच संकट नेमकं कुठे आहे ते दिसतं. आणि गावाला शिकवायला निघालेल्याने आधी गावाला काय येतं ते विचारावं.